एका खिळीचं रामायण

बंडी सावलीत लावायची, बैल सोडायचे, जू टेकणावर ठेवायचं, एका बाजूने गाडी दगडावर उचलून धरायची आणि चाकाच्या मधल्या तुंब्यात वंगण घालायचं. काम म्हटलं तर एवढंच, न्याहारीपर्यंत उरकणारं. पण आदिलाबाद जिल्ह्यात, किंवा पैनगंगेच्या आसपास किनवट-पांढरकवड्याच्या बाजूला, ज्यांच्या घरी बंडी आहे त्यांना विचारून बघा की हे काम कधी एवढ्यावर थांबलंय का. चाक बाहेर ओढलं की तुंबा घासलेला दिसतो. तुंबा तपासताना एक आरा हलतो. आरा हलतो म्हणून चाकावरची लोखंडी धाव बघावी तर तीही ढिली. मग लोहार, मग वाढई, मग लाकूड. संध्याकाळी बंडीची चाकं एका गावात, साटा दुसऱ्या खोलीत आणि वंगणाचं नळकांडं जिथे ठेवलं होतं तिथेच. मारुतीच्या शेपटासारखं हे काम वाढत जातं.

चाकांवरचं घर दुरुस्त करायला बसणाऱ्या माणसाचा जगभर हाच अनुभव आहे. परदेशात मोटारीतच स्वयंपाकघर आणि पलंग मांडून वर्षानुवर्षं फिरणारे लोक आहेत, आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या गाड्यांचे मालक एक दिवा बदलायला जातात आणि दिवसभर छताखाली अडकून पडतात. याला सहसा धांदरटपणा म्हणतात. मला मात्र वाटतं की हे भरकटणं माणसात कमी आणि वस्तूत जास्त असतं. बंडीच्या एका भागाला हात लावला की ती आपल्याला पुढच्या भागाकडे नेते, कारण तिथूनच तर भार पुढे जात असतो. ती नेईल तिकडे गेलं तर कुठवर पोचता येतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

बंडीला घर का म्हणायचं, ते आधी सांगतो. आदिलाबादपासून साधारण तीस किलोमीटरवर, इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर आहे. पुष्य अमावास्येला तिथे नागोबाची जत्रा भरते. हा नागोबा राजगोंडांमधल्या मेस्राम कुळाचा देव. जत्रेच्या आधी मेस्रामांची मंडळी सजवलेल्या छकड्यातून गावोगाव निरोप देत फिरतात, पूजेची मडकी घडवायला सिरिकोंड्याच्या कुंभारांना सांगतात. मग अनवाणी चालत जाऊन गोदावरीवरच्या हस्तिनमडुगूहून पाणी आणतात. गावोगावची कुटुंबं बैलबंड्या जुंपून निघतात आणि केसलापूरजवळच्या वडांखाली उतरतात. आता ऑटो आणि ट्रॅक्टरही येतात, पण बंड्यांची रांग अजून तुटलेली नाही. बंडीत धान्य, भांडी, पांघरुणं, म्हातारी माणसं आणि लेकरं. मुक्कामात रात्री तिच्याच आडोशाला झोपायचं. अशा प्रवासाला निघण्याआधी वंगण घालायला बसणाऱ्या माणसाच्या मागे सगळ्या घराची निकड उभी असते.

आता वंगणच घ्या. जुनी रीत एरंडेलाची. तेलात भिजवलेल्या चिंध्या किंवा ताग बांबूच्या नळकांड्यात भरून ते बंडीखाली टांगलेलं असायचं. एरंडी बांधावर, पडीक जागेत कुठेही उगवते, पण तिच्या तेलासारखं दुसरं बियांचं तेल नाही. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के एकच आम्ल असतं, रिसिनोलेइक. त्याच्या लांब साखळीच्या मध्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. त्या जोड्या शेजारच्या रेणूंना धरून ठेवतात, म्हणून हे तेल इतकं दाट आणि धातूला चिकटून राहणारं. शेंगदाण्याचं तेल तुंब्यातून गळून जाईल, एरंडेल टिकतं. शिवाय ते पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या गरगर फिरणाऱ्या रोटरी इंजिनांत हेच तेल घालत. मोटारींच्या तेलातली कॅस्ट्रॉल ही नाममुद्राही कॅस्टर ऑइलवरूनच आली. बंडीच्या आखावर आणि आकाशातल्या इंजिनात एकाच झुडपाचं बी काम करत होतं, ही गोष्ट कळल्यापासून बांधावरच्या एरंडीकडे मी वेगळ्याच नजरेने बघतो.

वंगण घालायचं तर चाक बाहेर सरकवावं लागतं, आणि चाक सरकवायचं तर आखाच्या टोकाची खीळ काढावी लागते. बोटभर लोखंड. बंडीत क्विंटलभर कापूस असो की दहा क्विंटल, चाक आखावरून निसटू न देण्याची जबाबदारी या बोटभर तुकड्यावर. आपल्या घराघरांत सांगितली जाणारी कैकेयीची कथा इथे आठवायलाच हवी. युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निखळली, कैकेयीने तिथे आपलं बोट घातलं, रथ चालता ठेवला आणि त्याबद्दल दोन वर मिळवले. पुढे त्या वरांतून रामाचा वनवास निघाला. कथेतलं ते बोट खरं मानायचं की नाही हा प्रश्न वेगळा. रथ कुठे सर्वांत नाजूक असतो, हे मात्र ती कथा रचणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं.

मूळ काम सोडून मध्येच आडव्या कामाला उठून जाण्यातला खरा धोकाही याच जागी आहे. चाक बघता बघता माणूस लोहाराकडे जातो, परत येतो, कुणी हाक मारतं, बंडी घाईने जुंपली जाते आणि खीळ दगडावरच राहते. विमानांच्या देखभालीत यासाठी मोठ्या लाल पट्ट्या वापरतात. जमिनीवर असताना लावलेली झाकणं आणि खुंट्या उड्डाणाआधी काढायच्या राहू नयेत म्हणून त्यांना या पट्ट्या बांधलेल्या असतात, डोळ्यांना टोचेल अशा. बंडीवाल्याने खीळ जमिनीवर ठेवूच नये, अंगावर बाळगावी. बाकी कामं कितीही निघोत, आधी लगीन कोंढाण्याचं, तशी आधी खीळ.

चाक सुटं झालं की जाणता माणूस आऱ्यांवर काठीने किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकत जातो. घट्ट बसलेला आरा टणकन वाजतो, ढिला आरा बदबदतो. कान हेच इथलं हत्यार. घट्ट आवळलेलं लाकूड जोराने थरथरतं आणि आवाज लांबवतं. तुंब्यातल्या खाचेत जरा जरी फट असली, तरी ती थरथर तिथल्या घासण्यात विरून जाते. एका चाकात असे दोन बदबदे आरे सापडले की वंगणाचं काम मागे पडलंच म्हणून समजा.

पण आरा ढिला झाला कसा? तो तर तसाच आहे, तुटलेला नाही, कुणी उपसलेला नाही. इथे लाकूड स्वतःच बोलायला लागतं. लाकूड म्हणजे उभ्या दिशेने लागलेल्या बारीक नळ्यांचा जुडगा. हवेतली ओल कमी झाली की त्या नळ्यांच्या भिंतींतलं पाणी उडतं आणि लाकूड आक्रसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ जसंच्या तसं राहतं. रुंदीत मात्र, ओल शेकडा दहाने घटली तर दोन-अडीच टक्के सहज कमी होतं, आणि खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने सर्वांत जास्त. आदिलाबादची हवा यासाठी फार कठोर. पावसाळ्यात सगळं चिंब, हिवाळ्यात थंडीचा पारा एक आकडी, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास कोरडी धग. दर वर्षी प्रत्येक चाक एकदा फुगतं आणि एकदा सुकतं.

आता यात भूमिती कशी शिरते ते बघा. चाकाचा घेर वाकड्या लाकडी तुकड्यांचा, त्यावर लोखंडी धाव. घेराच्या लाकडाची जाडी बारा सेंटिमीटर धरली आणि ती दोन मिलिमीटरने कमी झाली, तर चाकाची त्रिज्या तेवढीच घटली. डोळ्यांना कळणारही नाही. पण त्रिज्या दोन मिलिमीटरने घटली की परीघ त्याच्या सहापटीहून जास्त, म्हणजे सुमारे साडेबारा मिलिमीटरने घटतो. लोखंड तर सुकत नाही. म्हणजे धाव सव्वा सेंटिमीटरने मोठी पडली. नखभर सुकण्याने बोटभर ढील. चाक मोठं असो वा लहान, हा हिशोब बदलत नाही.

यावरचा तात्पुरता उपाय सगळ्यांना माहीत असतो. बंडी नाल्यात उतरवायची आणि चाकं पाण्यात भिजत ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धाव पुन्हा आवळते. इंग्लंडमध्येही हेच करत. जॉन कॉन्स्टेबलच्या १८२१ मधल्या ‘द हे वेन’ या प्रसिद्ध चित्रात गवताची गाडी ओढ्यात उभी आहे. चाकं भिजवायलाच तिला तिथे थांबवलंय, असं त्या चित्राबद्दल नेहमी सांगितलं जातं. पण पाण्याचा उपाय पाणी असेपर्यंतच. चाक वाळलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लांब जायचं असेल तर धाव उतरवून कापून नव्याने चढवावी लागते.

लोहाराकडे एक चाक घेऊन गेलं की तो म्हणतो, “दुसरं चाकबी घेऊन या, भाऊ.” त्याचं बरोबरच असतं. एक चाक आवळून लहान झालं आणि दुसरं तसंच राहिलं, तर बंडी एका अंगाला झुकणार आणि एका बैलाच्या मानेवर भार जास्त येणार. म्हणजे वंगण घालायला काढलेल्या एका चाकाने आता सगळी बंडी मोकळी करायला लावली.

धाव चढवण्याचं काम ज्याने बघितलेलं नाही, त्याने संधी मिळाली तर सोडू नये. आडव्या ठेवलेल्या धावेभोवती गोवऱ्या आणि लाकडं रचतात आणि पेटवून देतात. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान केलेली असते. थंड असताना ती काही केल्या बसणार नाही. पाच फूट व्यासाचं चाक धरा, म्हणजे परीघ साधारण ४.८ मीटर. तापमान एका अंशाने वाढलं की लोखंडाची प्रत्येक मीटर लांबी जेमतेम ०.०१२ मिलिमीटरने वाढते, म्हणजे मिलिमीटरच्या शंभर भागांतला एक भाग आणि वर थोडं. ही वाढ नगण्य वाटते. पण धाव ५०० अंशांनी तापली की सगळी वाढ मिळून सुमारे २९ मिलिमीटर होते, म्हणजे व्यासात नऊ मिलिमीटर. तेवढी जागा पुरते.

आणि धाव एवढी तापली हे लोहाराला कळतं कसं? तो रंग बघतो. जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये दाखवून दिलं की घन पदार्थ, मग तो लोखंड असो वा दगड, सुमारे ५२५ अंशांना अंधुक लाल दिसायला लागतो. पदार्थ बदलला तरी हा उंबरठा बदलत नाही. सावलीत धावेवर तो मळकट तांबूस रंग उमटला की लोहार सांडशीला हात घालतो. दोन-तीन माणसं मिळून धाव उचलतात, चाकावर धरतात आणि घणाने ठोकून बसवतात. लाकूड पेट घेतं, धूर होतो, आणि लगेच घागरींनी पाणी. वाफेचा लोट उठतो आणि त्यातून कटकट आवाज येतात. एकेक आरा तुंब्यात आत सरकतोय, घेराचे तुकडे एकमेकांना भिडतायत. ना खिळा, ना सरस. नुसत्या आक्रसणाऱ्या लोखंडाने पंधरा-वीस लाकडं एका मुठीत आवळली. पुन्हा आऱ्यांवर ठोकलं तर प्रत्येक आरा टणकन वाजतो. भर उन्हात उभं राहून हे बघावं आणि पुन्हा बघावं.

मघाच्या कॅरावॅनच्या मालकाला इथे परत आणतो, कारण त्याच्या गाडीत हीच गोष्ट विजेने आणि पाण्याने घडते. नळाचा पंप मंद चालतो. पंप ठीक आहे, त्याच्यापर्यंत पोचणारा विजेचा दाब कमी आहे. बॅटरी ठीक आहे, तारेच्या टोकाला पांढरट-हिरवा गंज आहे. गंज आला कारण खालची फळी ओली आहे. फळी ओली आहे, पण तिच्यावर नळ नाही. पाणी छतावरच्या खिडकीच्या कडेला, उन्हाने कडक होऊन चिरलेल्या रबरातून शिरलंय, भिंतीच्या आतून सांगाड्याच्या कडेकडेने उतरलंय आणि दोन मीटर लांब येऊन टपकलंय. पंप खोलून बसला असता तर त्याने दिवस फुकट घालवला असता. तो पंपापासून छतापर्यंत भरकटला म्हणून दुखणं सापडलं. उभ्या घराला हादरे बसत नाहीत. चालत्या घराला प्रत्येक खड्ड्यात बसतात, आणि ते प्रत्येक जोडाला थोडं थोडं वाटून दिले जातात. म्हणून चालत्या घरात बिघाड एका जागी आणि त्याचं लक्षण दुसऱ्या जागी, असं फार वेळा होतं.

मग असा भरकटलेला माणूस मूळ काम विसरतो का? १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये मारिया ओव्सियांकिना या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने लोकांना छोटी कामं दिली आणि ती अर्धवट असतानाच थांबवली. पुढे काय करायचं हे काहीच सांगितलं नाही, कसलं बक्षीसही ठेवलं नाही. मोकळं सोडल्यावर बहुतेक जण आपणहून त्या अर्धवट कामाकडे परत वळले. सोडलेलं काम मनाला ओढत राहतं. आडव्या वाटेला जाणाऱ्या माणसाला ही ओढच परत आणते, फक्त मध्ये खीळ हरवली नाही म्हणजे झालं.

बंडीवरचं शेवटचं आडवं काम आपल्याला जंगलात नेतं. फुटलेला तुंबा धावेने आवळता येत नाही, त्याला नवं लाकूडच लागतं. कुठल्या भागाला कुठलं झाड, हे ठरलेलं आहे. तुंबा, आरे आणि घेर बाभळीचा, कारण ती चिवट आणि मार खाणारी. साटा सागाचा, तो वाळवीला दाद देत नाही. दांड्यांना तिवस किंवा धामण, वाकून पुन्हा सरळ होणारी. आख लाकडाचा असायचा त्या काळात त्याला धावडा, कारण वजन आणि पीळ दोन्ही सोसणारं तसं लाकूड दुर्मीळ. याच धावड्याचा डिंक हिवाळ्यातल्या आणि बाळंतिणीच्या लाडवांत पडतो. ही सगळी झाडं आदिलाबादच्या रानात एका दिवसाच्या चालीत भेटतात. बंडी म्हणजे त्या रानाचाच, कामापुरता निवडून घेतलेला भाग.

त्यामुळे रान बंद झालं की बंडीही अडते. निजामाच्या राज्यात जंगलं राखीव होत गेली, तेव्हा गोंड आणि कोलाम लोकांची शेतीची जमीन तर गेलीच, शिवाय नांगराला, घराला, गाडीला लागणारं लाकूड घेण्यासाठीही वनखात्याच्या माणसांपुढे उभं राहण्याची वेळ आली. जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम याने जल, जंगल, जमिनीचा हक्क मागत लढा दिला आणि १९४० मध्ये तो तिथेच मारला गेला. त्यानंतर या लोकांची दुखणी नीट समजून घ्यायला सरकारला माणूस हवा होता, आणि मिळाला तो स्वतःच वाट चुकलेला. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानवशास्त्रज्ञ. त्याचं मन नागा टेकड्यांत होतं, तिथे त्याने आधी काम केलेलं. १९३९ मध्ये तो पुन्हा भारतात आला तोच महायुद्ध सुरू झालं. हाती जर्मन पासपोर्ट, म्हणून इंग्रजांनी त्याला अडवलं आणि हैदराबाद संस्थानाबाहेर जायची बंदी घातली. नागा टेकड्या राहिल्या. तो आणि त्याची पत्नी बेट्टी आदिलाबादच्या डोंगरात मार्लवाईला गोंडांच्या वस्तीत राहिले, गोंडी शिक्षकांसाठी केंद्र उभं राहिलं, आणि १९४८ मध्ये ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक आलं. मार्लवाईत दोघांच्या आठवणी आजही जपल्या जातात.

या माणसाने १९४० च्या दशकात एक साधी गोष्ट ओळखली. दुर्गम वस्त्यांतल्या लोकांना कचेरीत बोलावण्यात अर्थ नाही. ते वर्षातून एकदा बंड्या दुरुस्त करून, जुंपून, केसलापूरला आपणहून जमतातच. तर अधिकाऱ्यांनीच त्या वडांखाली जावं. नागोबाच्या जत्रेतला दरबार तिथून सुरू झाला आणि अजून भरतो. देवाला आलेली माणसं देवाचं काम आटोपून तिथेच जमिनीचे पट्टे, जंगलातले हक्क, रस्ते आणि शाळा यांची गाऱ्हाणी मांडतात, आणि जिल्ह्याचे व उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेचे अधिकारी समोर बसून ती ऐकून घेतात.